एका काठीचा जुना ट्रान्समीटर हाती आलाय, उडवू की कपाटात ठेवू?

आडवावारा

लोकहो, मी आठ-नऊ वर्षं मॉडेल विमानं उडवतोय, मोड २ (कोणत्या काठीला काय, त्याची एक मांडणी), दोन काठ्या, अंगठे वर ठेवून. ज्या काकांनी मला उडवायला शिकवलं ते गेल्या वर्षी गेले आणि परवा त्यांच्या मुलीने घरी बोलावून एक डबा हातात ठेवला, म्हणाली आमच्याकडे धूळ खाईल, तुम्हीच ठेवा. उघडून बघतो तर सिंगल स्टिक ट्रान्समीटर, सत्तरच्या दशकातला. अ‍ॅल्युमिनियमची पेटी, मधोमध एकच काठी, काठीच्या डोक्यावर गोल नॉब, आणि डाव्या कडेला थ्रॉटलची, म्हणजे ताकद कमी-जास्त करायची पट्टी. काठी डावी-उजवी केली की एलेरॉन (विमान कुशीवर झुकतं), मागे-पुढे केली की एलिव्हेटर (नाक वर-खाली), नॉब पिळला की रडर (शेपटीचं उभं पान, नाक डावी-उजवी). काका हा डबा डाव्या हाताच्या कोपरात लहान बाळ धरतात तसा धरायचे आणि उजव्या हाताच्या चिमटीत नॉब. मी तेव्हा हसायचो.

आता प्रश्न. याने खरंच उडवावं का, की शोभेला ठेवावं? आतला रेडिओ जुना एएम, म्हणजे त्या काळच्या पद्धतीचा आहे, बॅटरी मेलेली आहे. कोणी उडवलंय का असं?

घिरट्या

शोभेला ठेव. पुढचा प्रश्न.

बाल्साभुसा

घिरट्या, तू गप्प बस जरा. :)

आडवावारा, मी वीस एक वर्षं सिंगल स्टिकच वापरला, अजूनही एक आहे. आधी धरायचा कसा ते सांगतो कारण निम्मी माणसं तिथेच चुकतात. हा अंगठ्यांचा डबा नाहीये. पेटीचा खालचा भाग पोटाला टेकवायचा, डावा हात खालून घेऊन पेटी त्याच्यावर निजवायची, डाव्या हाताची बोटं आपोआप थ्रॉटलच्या पट्टीपाशी येतात. उजव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट नॉबवर, भिंतीवरच्या घड्याळाला चावी देतो तसं. उजवा तळवा पेटीच्या कडेला टेकलेला असला पाहिजे, हात हवेत राहिला तर पाच मिनिटांत थरथरायला लागतो आणि तो थरथराट विमानात दिसतो.

आणि उडवावं का म्हणशील तर हो. दोन काठ्यांवर उडवणारे बहुतेक जण जमिनीवरून चाकं सुटली की रडर विसरून जातात. रडर ज्याच्याकडे तो डावा अंगठा थ्रॉटल धरून झोपलेला असतो. सिंगल स्टिकवर रडर त्याच हातात आहे ज्या हाताने तू वळतोयस, त्यामुळे विसरताच येत नाही.

मोडएक

विसरता येत नाही हे खरं, पण नको असताना दिला जातो त्याचं काय? मी दोनदा मित्राच्या डब्यावर हात मारलाय. उजवीकडे झुकवायला मनगट वळवलं की नॉबसुद्धा थोडा पिळला जातोच. एलेरॉन दिला की रडर फुकट. आणि स्लो रोल (सरळ उडता उडता सावकाश पूर्ण लोळण) करून दाखवा मला त्याच्यावर. उजवीकडे रोल घेताय म्हणजे काठी उजवीकडे दाबून धरलीय, पहिल्या पाव फेरीत विमान कुशीवर आलं की नाक वर ठेवायला रडर डावा पाहिजे, म्हणजे काठी उजवीकडे आणि पीळ डावीकडे, उलटं झालं की पीळ सोडून काठी पुढे ढकलायची, आणि पुढच्या कुशीवर पीळ उजवा. एका मनगटाची गाठ बसते. दोन हात देवाने उगाच दिले का?

बाल्साभुसा

मोडएक, तुमचं म्हणणं बरोबर आहे पण ते पहिल्या महिन्यापुरतं. पीळ मनगटाने द्यायचाच नसतो, तो बोटांनी द्यायचा. मनगट काठी हलवतं, बोटं नॉब फिरवतात. दोन्ही वेगळं करायला शिकावं लागतं. आणि तुम्ही मोड १ वाले, तुमचा एलिव्हेटर डाव्या हातात, त्यामुळे तुम्हाला हे जास्त जड जाणारच. मोड २ वाल्याचे एलेरॉन आणि एलिव्हेटर आधीच उजव्या हातात असतात, त्याला फक्त रडर डावीकडून उचलून बोटांत आणायचाय.

अंतराळवाल्यांनाही ही कल्पना काही चुकीची वाटली नव्हती. अपोलो यानात दिशा वळवायचा जो हँडल होता तो असाच, पुढे-मागे, डावी-उजवी आणि पिळायचा. कॉम्प्युटरवरच्या फ्लाइट सिम्युलेटरच्या जॉयस्टिकलाही पिळायचा रडर असतो आणि कोणी कुरकुर करत नाही.

नवशिकी

मी नवीन आहे, चुकलं तर सांगा. सिंगल स्टिक म्हणजे तेच ना ज्यात एकच बटण असायचं आणि एकदा दाबलं की उजवीकडे, दोनदा दाबलं की डावीकडे?

बाल्साभुसा

नाही ताई, ते सिंगल चॅनल. नावं सारखी म्हणून गल्लत होते, पण दोन्हींत दोन पिढ्यांचं अंतर आहे.

सिंगल चॅनलला फक्त रडर. विमानात एस्केपमेंट नावाचं लहानसं यंत्र, ते पीळ दिलेल्या रबरावर चालायचं. बटण दाबलं की सिग्नल गेला, यंत्र एक घर पुढे सरकलं, रडर पूर्ण एका बाजूला. सोडलं की सरळ. थोडासा रडर ही चीजच नव्हती, एक तर पूर्ण नाहीतर काही नाही. आणि रबराचा पीळ हवेत संपला की तुम्ही प्रेक्षक. ट्रान्समीटर जमिनीवर उभा, त्याला उंच अँटेना, आणि हातात वायरीला लटकणारं बटण. त्यानंतर रीड आले, त्यात धातूच्या पातळ पट्ट्या वेगवेगळ्या सुरांना थरथरायच्या आणि प्रत्येक सुराला एक हालचाल, पण तेही पूर्ण इकडे नाहीतर पूर्ण तिकडे, त्यामुळे रीडवाले सतत स्विच टकटकवत असायचे. मधल्या काळात गॅलपिंग घोस्ट म्हणून एक प्रकार होता, त्यात रडर आणि एलिव्हेटर सतत फडफडत असायचे आणि फडफडीचं प्रमाण बदलून वळवायचं. विमान हवेत लंगडत चालल्यासारखं दिसायचं, नाव तिथूनच.

साठच्या दशकात प्रपोर्शनल आलं, म्हणजे काठी जितकी तितका सर्व्हो (विमानातली पानं हलवणारी लहान मोटर). तेव्हा प्रश्न पडला की चार गोष्टी माणसाच्या हाताला कशा जोडायच्या. त्याची दोन उत्तरं निघाली, एक दोन काठ्यांचं आणि एक हे. दोन्ही बरीच वर्षं बरोबरीने विकली गेली. क्राफ्ट, प्रो-लाइन यांसारख्या अमेरिकन कंपन्या दोन्ही बनवायच्या. त्यातला फिल क्राफ्ट नुसता कारखानदार नव्हता, १९६७ साली एरोबॅटिक्सचा जगज्जेता होता. डबा बनवणारा माणूस स्वतः उडवायचा, त्यामुळे त्या काळच्या डब्यांची काठी हातात घेतली की कळतं.

घिरट्या

आणि मग दोन काठ्यावाले जिंकले. का ते पण सांगा.

तिसरापॉट

मी सांगतो कारण मी असले डबे उघडतो. दोन काठ्यांत एकच गिम्बल (काठी ज्यात डोलते तो सांगाडा) दोनदा वापरता येतो, कारखान्याला स्वस्त पडतं. सिंगल स्टिकमध्ये मधल्या गिम्बलला तिसरा पॉट (काठी किती फिरली ते मोजणारा भाग) लागतो, तो काठीच्या बुडाशी असतो आणि काठीबरोबर हलतो. म्हणजे त्याच्या तीन तारा आयुष्यभर वाकत राहतात आणि एक दिवस तुटतात. शिवाय नॉबला मध्यावर परत आणणारी स्प्रिंग तेवढ्याच जागेत बसवायची. महागडं घड्याळी काम आहे. वर डाव्या हाताने उडवणाऱ्याला सगळा डबा उलटा बनवून द्यावा लागतो. माझ्या मते पद्धत हरली नाही, हिशोब हरला.

आडवावारा, डबा उघडलास का? फोटो नको, फक्त सांग बॅटरीच्या काळ्या तारेचा रंग आत कसा आहे.

आडवावारा

काळी तार आतूनही काळी आहे! प्लास्टिक सोललं तर तांबं काळपट-हिरवट. स्विचपर्यंत तसंच गेलंय. बॅटरीवर पांढरी भुकटी.

तिसरापॉट

वाटलंच. निकॅड बॅटरी गळली की तिचा क्षार निगेटिव्ह तारेतून आत सरपटत जातो. त्या तांब्याला सोल्डर धरत नाही, कितीही घासलंस तरी. लखलखीत तांबं लागेपर्यंत कापत जा, बहुतेक पूर्ण तारच बदलावी लागेल. स्विच पण बदल. भुकटी व्हिनेगरने पुसून घे, मग पाण्याने, मग कोरडं.

आता मुख्य मुद्दा. आतला रेडिओ भाग वापरू नकोस, चालू झाला तरी. कारणं तीन. एक, पन्नास वर्षांचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आत सुकलेले असतात, टेबलावर चालेल आणि उन्हात तापला की फ्रीक्वेन्सी सरकेल. दोन, जुना एएम डबा रुंद बोलतो, शेजारच्या चॅनलवर सांडतो. अमेरिकेत नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला चॅनल जवळजवळ आणले तेव्हा असले रुंद डबे मैदानाबाहेर काढावे लागले ते याचसाठी. तीन, आणि हे सगळ्यात मोठं, आता मैदानावर फ्रीक्वेन्सीच्या पिनांची पाटीच कोणी लावत नाही. पूर्वी आपल्या चॅनलची पिन घेतल्याशिवाय डबा चालू करायची शामत नव्हती. आता सगळे २.४ गिगाहर्ट्झवर, दुसरा कोणी जुनाच डबा घेऊन तुझ्याच क्रिस्टलवर, म्हणजे तुझ्याच चॅनलवर आला तर दोघांना कळणार ते विमान पडल्यावर.

काठी ठेव, गिम्बल ठेव, पेटी ठेव. बोलणारा भाग नवा घाल.

बाल्साभुसा

याला अनुमोदन. मी सत्तावीस मेगाहर्ट्झच्या काळातला आहे. सत्तरच्या दशकात अमेरिकेत सीबी रेडिओचं (सामान्य लोकांच्या गप्पांच्या रेडिओचं) वेड आलं, तोच पट्टा, आणि तिकडच्या मॉडेलवाल्यांची विमानं ट्रकवाल्यांच्या गप्पांनी पडायची. जुन्या रेडिओबद्दल उमाळे काढणाऱ्यांनी ते दिवस बघितलेले नसतात. मला उमाळा आहे तो नॉबचा.

आडवावारा

पण नवा भाग घालायचा म्हणजे काकांच्या डब्याला भोकं पाडायची का? तिथे जीव अडकतोय.

तिसरापॉट

दोन रस्ते आहेत.

पहिला, अजिबात काही न कापता. तुझा रोजचा २.४ चा डबा आहे ना, त्याला ट्रेनरचं (शिकवताना दुसरा डबा जोडायचं) सॉकेट असेल. जुन्या डब्यातून फक्त सिग्नल काढायचा आणि वायरीने तुझ्या डब्याच्या ट्रेनर सॉकेटात द्यायचा. जुना डबा शिष्य, नवा गुरू. रेडिओ नव्याचाच बोलणार. स्विच धरला की काकांचा डबा उडवणार, सोडला की तुझा. शिकताना हेच सगळ्यात सुरक्षित, दुसरा माणूस नवा डबा धरून शेजारी उभा राहील.

सिग्नल कसला तर पीपीएम. प्रत्येक चॅनलला एक ठोका, मध्यावर दीड मिलिसेकंद, एका टोकाला एक, दुसऱ्याला दोन. सगळे चॅनल एकामागोमाग, मग मोठी फट, आणि साधारण दर वीस मिलिसेकंदांनी पुन्हा पहिल्यापासून. मोठ्या फटीवरूनच समोरच्याला कळतं की आता पहिला चॅनल येणार. जुना एन्कोडर (हे ठोके बनवणारा बोर्ड) हे अजून करतो का बघ, पण माझा अनुभव असा की मध्य हललेला असतो आणि चॅनलचा क्रम आजच्यापेक्षा वेगळा असतो.

दुसरा रस्ता, एन्कोडर काढून त्या जागी लहान आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा बोर्ड). तो चार पॉट वाचतो आणि पीपीएम बनवतो. मग २.४ चं रेडिओ मॉड्यूल आत. यात एकच मेख आहे. काठी टोकापासून टोकापर्यंत गेली तरी पॉट त्याच्या एकूण फेऱ्याच्या चौथा-तिसरा भागच फिरतो. दहा बिटचं वाचन म्हणजे १०२४ पायऱ्या, त्यातल्या तुझ्या वाट्याला अडीचशे-तीनशे. सर्व्हो पायऱ्या चढल्यासारखा चालतो. एक तर जास्त बिटचा कनव्हर्टर लाव नाहीतर दर वेळी बरीच वाचनं घेऊन सरासरी काढ.

आणि पेटी धातूची आहे हे विसरू नकोस. २.४ ची अँटेना पेटीच्या आत ठेवलीस तर विमान शंभर पावलांवर हात हलवून निघून जाईल. ती बाहेरच हवी. लांब टेलिस्कोपिक अँटेनाचं जे भोक आहे त्यातूनच बाहेर काढ, नवीन भोक लागणार नाही.

नवशिकी

जुन्या डब्यात रिव्हर्स (दिशा उलटवायची सोय) नसायचं असं वाचलं, मग सर्व्हो उलटा फिरला तर काय करायचे?

बाल्साभुसा

पुशरॉड (सर्व्होपासून पानापर्यंतची दांडी) सर्व्होच्या दुसऱ्या बाजूच्या भोकात लावायचा. किंवा उलटा फिरणाराच सर्व्हो विकत घ्यायचा, तेव्हा दोन्ही मिळायचे. हालचाल कमी करायची तर आतलं भोक, वाढवायची तर बाहेरचं. सगळं प्रोग्रामिंग पकडीने व्हायचं.

आणि एक, जुना रिसीव्हर-सर्व्हो असतील तर त्यांना नवी बॅटरी डोळे मिटून लावू नका. प्लग बसला म्हणजे तारा जुळल्या असं नाही, प्रत्येक कंपनीचा क्रम निराळा होता. मीटर लावून बघा.

डावरा

मी डावखुरा, मी काय पाप केलंय? नॉब डाव्या हाताने पिळायचा म्हटलं तर थ्रॉटल माझ्या पोटाकडे.

तिसरापॉट

पाप काही नाही. आर्डुइनो घातलात तर थ्रॉटलचा पॉट उजव्या कडेला हलवता येतो, पेटीत जागा असते. नाहीतर उजव्या हाताने शिका, जॉयस्टिकवर शिकतात तसे.

आडवावारा

तीन आठवड्यांनी येतोय, सविस्तर लिहितो.

ट्रेनर वायरीचा रस्ता धरला. पण जुन्या एन्कोडरचा मध्य खरंच हललेला निघाला आणि एक चॅनल गरम झाल्यावर हळूहळू सरकत होता, म्हणून आर्डुइनो घातला, जुना बोर्ड पिशवीत जपून ठेवलाय. पॉट साफ केले. रडरच्या पॉटची एक तार शेवटच्या दोन तंतूंवर लटकत होती, तिसरापॉट तुमच्या तोंडात साखर पडो, मी मुद्दाम बघितलं म्हणून दिसली. नवी मऊ सिलिकॉनची तार घातली, एक सैल वळसा ठेवून.

पहिले चार दिवस फक्त सिम्युलेटर. मग मैदान. विमान घेतलं ते वर पंखाचं, शेपटीला चाक असलेलं, सावकाश उडणारं. घिरट्या गुरूचा डबा धरून शेजारी. उड्डाणाच्या वेळी थ्रॉटल दिला की शेपटीचाकी विमान डावीकडे ओढतं, मला सवयीने डावा अंगठा उजवीकडे न्यायचा होता, तिथे अंगठ्याखाली फक्त पेटीचा कोपरा. विमान गवतात. दुसऱ्यांदा बोटांनी उजवा पीळ दिला आणि अहो ते सरळ गेलं, म्हणजे इतकं सरळ की मी आठ वर्षांत कधी घेतलं नव्हतं. कारण काठी मागे ओढलेली आणि पीळ दोन्ही एकाच मुठीत, शेपूट उचलली तसा पीळ आपोआप कमी होत गेला. मी ठरवून काही केलं नाही.

मोडएक म्हणाले ती गळती मात्र खरी. उजवीकडे वळताना नाक उगाच आत जायचं. मग प्रोग्रॅममध्ये रडरच्या मध्याला थोडी मेलेली जागा ठेवली, म्हणजे तेवढा पीळ मोजायचाच नाही, अगदी तीन-चार टक्के, आणि बरंच सुधारलं.

आता पडझडीचं. सहावं उड्डाण, आडवा वारा (माझं नावच ते), उतरवत होतो. नाक वाऱ्यात ठेवून खेकड्यासारखं येत होतं, टेकायच्या आधी रडरने सरळ करायचं. पीळ दिला. नॉब छान फिरला. विमान तसंच. अजून पीळ दिला, नॉब पूर्ण गोल फिरला, म्हणजे खाली काठीला त्याचा काही पत्ताच नाही. तोवर घिरट्याला ओरडेपर्यंत चाकं तिरकी टेकली आणि डावं चाक पाय दुमडून बसलं. नॉब धरून ठेवणारा लहान स्क्रू सैल होता. मीच साफ करायला काढला होता आणि परत बसवताना घट्ट केला नव्हता, शिवाय दांड्याचा जो सपाट भाग असतो त्याच्यावर न बसवता गोल भागावर बसवला होता.

घिरट्या

साक्षीदार म्हणून सांगतो, हा ओरडला ते शब्द इथे लिहिण्यासारखे नाहीत. आणि मी स्विच सोडला होता पण अर्ध्या मीटरवर गुरू काय करणार.

पण एक कबूल करतो. मग मी हातात घेतला तो डबा. स्टॉल टर्न केला. सरळ वर, वेग संपेपर्यंत थांबलो, डावा पीळ पूर्ण, आणि विमान पंखाच्या टोकावर फिरलं, खाली येताना बोटं उघडली की रडर आपोआप मध्यावर. माझ्या दोन काठ्यांवर तो नेहमी लंगडा होतो कारण त्याच क्षणी तोच अंगठा थ्रॉटलशी पण झगडत असतो. शोभेला ठेव म्हणालो होतो ते मागे घेतो.

मोडएक

स्लो रोल?

घिरट्या

त्याबद्दल बोलायला नको. दोन चुका पचतील इतका उंच केला होता म्हणून बाल्सा (विमानाचं लाकूड) शिल्लक आहे.

बाल्साभुसा

आडवावारा, स्क्रूला लाल नाही, निळं थ्रेडलॉक (स्क्रू सुटू नये म्हणून लावायचा डिंक) लाव, एकच थेंब, लाल लावलंस तर पुढच्या वेळी नॉब फोडून काढावा लागेल. थेंब पॉटमध्ये उतरू देऊ नकोस. आणि आजपासून उड्डाणाआधीच्या तपासणीत एक गोष्ट वाढव, डाव्या हाताने रडरचं पान धरून उजव्या हाताने नॉब पीळ. मोकळा पीळ घेऊन बघितलं तर सैल नॉबही थोडा घर्षणाने काठी फिरवतो आणि सगळं ठीक वाटतं. पान धरलं की खरं कळतं. अर्थात हळू, सर्व्होचे दात जायचे नाहीत इतकंच.

२.४ चं मॉड्यूल पुढे आत घालणार असशील तर फेलसेफमध्ये (सिग्नल तुटला तर काय करायचं त्या सेटिंगमध्ये) थ्रॉटल बंदवर ठेव आणि बाइंड करताना (डबा-रिसीव्हरची जोडी जुळवताना) पट्टी खरंच खाली आहे ना ते बघ. कडेची पट्टी पेटी कुशीत घेताना कपड्याला लागून सरकते. मला माहीत आहे कारण माझी सरकली होती.

नवशिकी

काकांच्या नॉबवर काही खुणा आहेत का? म्हणजे मध्य कुठे ते बोटाला कळायला? मी जॉयस्टिकवर सराव करतेय आणि मला मध्य कळतच नाही.

आडवावारा

आहे की. नॉबच्या कडेला कानशीने घासून केलेली एक लहान खाच आहे. मला वाटलं होतं पडून टवका गेलाय. आत्ता तुम्ही विचारल्यावर बोट लावून बघितलं, नॉब सपाट भागावर नीट बसवला की ती खाच बरोबर तर्जनीखाली येते. मी गोल भागावर बसवला होता तेव्हा ती भलतीकडे होती आणि तरी मला कळलं नाही.